एकच रेघ : गांजा सोडणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

हे प्रकरण एका मुलाचं म्हणून लिहिलं असलं, तरी तपशील तीन-चार मुलांचे एकत्र केलेले आहेत. गाव, घर, कॉलेज सगळं बदललेलं आहे. घटनांचा क्रम बदलावा लागला नाही, कारण तो आमच्या व्यसनोपचाराच्या ओपीडीत वरचेवर दिसतो.

मुलगा वीस वर्षांचा. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात, आई घर सांभाळते, मोठी बहीण लग्न होऊन चिंचवडला. बारावी आणि सीईटी चांगली गेली, पुण्यात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष कॉलेजच्या हॉस्टेलवर सरळ गेलं. दुसऱ्या वर्षी चौघांनी मिळून नऱ्ह्यात फ्लॅट घेतला आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

पहिला झुरका सिंहगडाच्या रात्रीच्या फेरीत. काहीच झालं नाही म्हणे. दुसऱ्या वेळी हसू आवरेना. मग सबमिशनच्या आठवड्यात रात्री जागताना, मग सबमिशन संपल्यावर झोप यावी म्हणून. सिगारेट रिकामी करायची, तंबाखूत माल मिसळून परत भरायची. पुढे टपरीवरून गोगो, म्हणजे गांजा भरून ओढायचा कागद, आणून कोन वळायला शिकला. बाकीचे तिघे शनिवारी ओढायचे, हा रोज. वर्षभरात एकट्याने खोलीचं दार लावून ओढणं सुरू झालं. माझ्या अनुभवात बिघडण्याचं वळण तेच असतं. मंडळीत ओढणारा मंडळीसाठी ओढतो, एकटा ओढणारा कशासाठी तरी ओढतो.

हजेरी घटली, प्रॅक्टिकल बुडाली, विषय राहत गेले आणि शेवटी वायडी (इयर डाउन) लागली, म्हणजे वर्ष वाया गेलं. ही गोष्ट त्याने घरी सहा महिने सांगितली नाही. सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि फ्लॅटवरच परत यायचा. परीक्षेच्या फॉर्मसाठी पैसे दोनदा मागितले तेव्हा ताईला शंका आली. ती सरळ नऱ्ह्याला गेली. खोलीत काय दिसलं ते तिने आम्हाला सविस्तर सांगितलं. इथे इतकंच पुरे, की लपवायला जागा उरली नव्हती.

वडिलांच्या डोळ्यांसमोर व्यसनाचं जे चित्र होतं ते गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, काळातलं. पुण्यात 1986 साली मुक्तांगण सुरू झालं तेव्हा शहर ब्राऊन शुगरने हादरलेलं होतं, आणि तेव्हापासून मराठी घरांत 'व्यसनमुक्ती' म्हटलं की 'भरती करणे' हेच ऐकू येतं. गर्द किंवा दारू सोडताना शरीर मोठा दंगा करतं. दारूत तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो, म्हणून तिथे भरती करण्याला अर्थ असतो. गांजा सोडताना त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. हा फरक वडिलांना कुणी सांगितला नव्हता. ओळखीतून त्यांना एका खासगी केंद्राचा नंबर मिळाला. तिथून सांगण्यात आलं, "आम्ही गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून नेतील, सहा महिने तुम्ही भेटायला यायचं नाही." वडिलांनी आगाऊ रक्कम भरायचीही तयारी केली होती.

ताईने ते थांबवलं. तिच्या ऑफिसमधल्या कुणाच्या तरी घरी असंच झालं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येतात, आणि स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान माणसाला असं उचलून नेता येत नाही. त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं काही दिसावं लागतं. मानसोपचारतज्ज्ञासह दोघा जाणकारांची स्वतंत्र तपासणी लागते. आणि सुरुवातीला मुदत 30 दिवसांची असते. या मुलात यातलं काहीच नव्हतं. तो चिडका होता, खोटारडा झाला होता आणि घाबरलेला होता. त्यावर चार पोरांची गाडी हा उपाय नव्हे.

वडिलांची दुसरी भीती पोलिसांची. डॉक्टरांना सांगितलं तर केस होईल, नोकरीचं कसं होणार, पासपोर्टचं कसं होणार. गांजा ओढणं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या 27 व्या कलमाखाली गुन्हा आहे हे खरं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात 64-अ कलमही आहे: जवळ अल्प प्रमाणात माल असलेल्या किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. आणि रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यावर कायद्यानेच बंधन आहे. या शेवटच्या मुद्द्यावर वडील खूश झाले. ते बंधन त्यांच्या बाबतीतही लागू आहे, मुलगा सज्ञान आहे, हे कळल्यावर चेहरा पडला. त्याबद्दल पुढे येईलच.

पहिल्या भेटीत मुलगा एवढंच बोलला, "मॅडम, पुण्यात सगळेच ओढतात." हे वाक्य खोडायला उपदेश लागत नाही. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल 2019 साली आला. दहा ते पंचाहत्तर वयोगटात वर्षभरात गांजा किंवा चरस घेतलेले लोक 1.2 टक्के निघाले, म्हणजे साधारण 1 कोटी 30 लाख. भांग धरली तर 2.8 टक्के. कॉलेजच्या परिसरात प्रमाण जास्त असेल हे मान्य, तरी 'सगळे' कुठेच नाहीत. तो कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्या फ्लॅटवर शंभर टक्के आहे." पहिल्या भेटीतलं खरं बोलणं तिथून सुरू झालं.

'गांजा सोड' असं मी त्याला म्हटलं नाही. गांजा काय देतो ते विचारलं. तो म्हणाला, झोप देतो. घरचा फोन येऊन गेला की डोकं रात्रभर चालू राहतं, ते बंद होतं. वायडी लागल्याचं लपवल्यापासून तर दिवसभर चालू असतं. मग काय घेतो, हे विचारलं. यादी त्यानेच केली: पैसे, विषय, बोलण्यातला वेग, ताईशी असलेलं जुनं नातं, आणि "मॅडम, मला पुस्तकातलं पान दोनदा वाचावं लागतं." निदानासाठी जे अकरा निकष लावतात त्यांतले दोन भरले तरी विकार धरतात, सहा किंवा जास्त भरले तर तो गंभीर. याचे आठ भरले.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एक गोष्ट वेगळी विचारली: कुणी मागे बोलतंय, बघतंय असं वाटतं का? एकदा वाटलं होतं. बाहेरून आलेला जास्त कडक माल ओढल्यावर दोन दिवस मेसमधली पोरं आपल्याबद्दलच कुजबुजतात असं वाटत राहिलं, मग गेलं. आणि वडिलांच्या चुलत्यांच्या 'डोक्यावर परिणाम' झाला होता, हे आईने हळूच सांगितलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आम्ही सावध होतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या 45,570 तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला होता, तो अभ्यास 1987 साली प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट दिसलं. गांजा हेच एकमेव कारण असं त्यावरून म्हणता येत नाही, पण घरात आजाराचा इतिहास असेल तर 'शनिवारपुरतं ओढ' ही तडजोड आम्ही सुचवत नाही. हे त्याला आकड्यांसकट सांगितलं. त्याला घाबरवायचं नव्हतं, पण लपवायचंही नव्हतं.

ठरलं ते असं: भरती नाही. तो ताईकडे चिंचवडला राहील, आठवड्यातून एकदा ओपीडीत येईल. गांजाचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही, त्यामुळे कामाचा भार बोलण्यावर आणि दिनक्रमावरच असतो. अमेरिकेत 600 किशोरवयीन मुलांवर पाच वेगवेगळ्या पद्धती तपासल्या होत्या. 2004 साली आलेल्या त्या निष्कर्षांत पाच बैठकांचा आटोपशीर उपचार लांबलचक उपचारांच्या तोडीस तोड ठरला. घरच्यांना मात्र छोटा उपचार म्हणजे हलका उपचार वाटतो. "नुसतं बोलून काय होणार?" हे आईचं वाक्य आम्ही रोज कुणाच्या ना कुणाच्या आईकडून ऐकतो.

पहिला आठवडा वाईट गेला. गांजाला टर्की, म्हणजे नशा तोडल्यावर शरीराला होणारा त्रास, नसते असं मुलं एकमेकांना सांगतात आणि बरीच वर्षं पुस्तकंही जवळजवळ तेच म्हणत होती. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत ही अवस्था आली ती 2013 साली. दुसऱ्या दिवसापासून याची चिडचिड सुरू झाली, जेवण जाईना, रात्री घामाने उशी ओली, आणि झोप लागलीच तर अशी स्वप्नं की जागं राहणं बरं. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, तो सुटला की ती उसळून येते. स्वप्नात तो स्वतः कोन वळताना दिसायचा आणि सकाळी उठून अपराधी वाटायचं, प्रत्यक्षात न ओढताच. हे होणार आहे असं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ताई घाबरली नाही. डॉक्टरांनी झोपेसाठी थोडे दिवस औषध दिलं, सवय लागणारं नव्हे. दहा-बारा दिवसांत भूक आली, चिडचिड ओसरली. झोपेची घडी बसायला महिन्याहून जास्त वेळ लागतो.

आता तो रविवार. गांजा सोडून अठरा दिवस झालेले. वडील गावाहून आले ते मेडिकलमधून लघवी तपासायचं किट घेऊनच. या किटची गंमत अशी की करोनाच्या किटवर दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह होतं, इथे उलटं: दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, एकच रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. वडिलांनी सूचना तीनदा वाचल्या, विज्ञानाचे शिक्षक ते. रेघ एकच होती.

"पप्पा, खरंच नाही ओढली."

"मग किट खोटं बोलतंय का?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. वडिलांनी परतीची एसटी पकडली, ताई स्वयंपाकघरात रडत बसली, दाजी कामावर होते. दुपारी मुलगा 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून निघाला. चिंचवड ते स्वारगेट, स्वारगेट ते नऱ्हे. संध्याकाळी सहाच्या सुमारास जुन्या फ्लॅटवर त्याने ओढली. रात्री परतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो ताईबरोबर ओपीडीत आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "तसंही कुणाचा विश्वास नव्हता, तर म्हटलं ओढतोच." आम्ही त्या दिवसाचा तासातासाचा हिशोब कागदावर मांडला. सकाळी अकराला किट, संध्याकाळी सहाला गांजा. मधल्या सात तासांत घरातलं एकही माणूस त्याच्याशी बोललं नव्हतं. तोही कुणाशी बोलला नव्हता. फोनमध्ये आमचा नंबर होता, 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइनही त्याने स्वतःच सेव्ह केली होती. दोन्हींपैकी एकही लावला नाही. का नाही लावला, यावर आमच्या पुढच्या दोन बैठका गेल्या.

किट खोटं बोललं नव्हतं. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं. गांजातला नशा देणारा घटक, टीएचसी, चरबीत विरघळतो. रोज ओढणाऱ्याच्या अंगात तो साठत जातो आणि बंद केल्यावर चरबीतून हळूहळू सुटत, रूपांतरित होऊन लघवीवाटे जात राहतो. कधीतरी ओढणाऱ्याची लघवी काही दिवसांत स्वच्छ होते. वर्ष-दीड वर्ष रोज ओढणाऱ्याची महिन्यानंतरही पॉझिटिव्ह येऊ शकते. घरगुती किट फक्त ठरावीक मर्यादेच्या वर की खाली एवढंच सांगतं, जुना साठा की नवा झुरका हे त्याला कळत नाही. मुलाने अठरा दिवस गांजा ओढला नव्हता यावर आमचा विश्वास होता, कारण त्याची स्वप्नं, भूक, घाम सगळं पुस्तकात लिहावं तसं चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात वडिलांना बोलावलं. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. दोघंही एकमेकांना थोडे घाबरून असतो. चरबीचा मुद्दा सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणून भांग दुधात घोटतात." बरोबर होतं ते. पाण्यात ती उतरत नाही, दुधातल्या स्निग्धांशात उतरते. गावाकडे महाशिवरात्रीला पाहिलेलं त्यांना आठवलं होतं. मग त्यांनी मुलाकडे न बघता विचारलं, "मग त्या दिवशी ओढली नव्हतीस?" तो म्हणाला, "सकाळी नव्हती ओढली." माफी कुणी कुणाची मागितली नाही. तसा रिवाज त्या घरात नाही आणि आम्ही तो लादला नाही.

तपासणी पूर्ण बंद करावी असं मला वाटत नाही. काही मुलांना तिचा आधार असतो: मित्राने पुढे केलं तर 'माझी टेस्ट असते' हे सांगता येतं, नकाराचा वाईटपणा घ्यावा लागत नाही. पण ती कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. आमच्याकडे ठरलं ते असं, की घरात किट नाही. लॅबमध्ये मोजणीची तपासणी, तीही क्रिएटिनिनशी (लघवी किती पातळ आहे हे ज्यावरून कळतं त्या घटकाशी) ताडून, म्हणजे जास्त पाणी पिऊन आलेल्याचा आकडा फसवत नाही. एका आकड्याला किंमत नाही, उतरण बघायची. अहवाल मुलाच्या हातात देणार, वडिलांना दाखवायचा की नाही ते तो ठरवणार. वडिलांना हे पटायला वेळ लागला. पहिला अहवाल त्याने दाखवला नाही, दुसरा आणि तिसरा एकत्र दाखवले. उतरते आकडे विज्ञानाच्या शिक्षकाला समजावून सांगावे लागले नाहीत.

निगेटिव्ह आल्यावर छोटं बक्षीस द्यायची पद्धत आहे, आणि गांजाच्या बाबतीत तिचा उपयोग होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. वडील ठाम नाही म्हणाले: "न ओढण्याचं बक्षीस? मग मी रोज चोरी करत नाही, मला काय देता?" मुद्दा बिनतोड होता. शेवटी शब्द बदलला, बक्षीस गेलं आणि वडिलांनी काढून घेतलेली गाडीची किल्ली शनिवार-रविवारपुरती परत आली.

खरा पेच संध्याकाळी सात ते अकरा हा होता. अभ्यास सकाळी होई, दुपारी लायब्ररी, सातनंतर काय? सुरुवातीला एनए (नार्कोटिक्स अॅनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा आपसातला गट) च्या मीटिंगला गेला. तिथली माणसं चांगली वाटली पण वयाने मोठी, बरेच दारूही सोडून बसलेले, त्यांच्या आयुष्यातली पडझड ऐकून 'माझं इतकं नाही' असं मनात येई. तो तीन-चार मीटिंगांनंतर थांबला. काहींचं आयुष्य त्याच मीटिंगांनी सावरलेलं मी पाहिलं आहे, याला त्या वेळी मानवल्या नाहीत. वाट निघाली ती दाजींकडून. दाजींचं भोसरीच्या एमआयडीसीत भागीदारीतलं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन. त्यांनी जेवताना सहज विचारलं, "ड्रॉइंग वाचता येतं का रे तुला?" येत नव्हतं, तिसऱ्या वर्षाला असून. दाजींनी संध्याकाळी बरोबर न्यायला सुरुवात केली. सल्ला दिला नाही, गांजाचं नावही काढलं नाही, फक्त एवढं म्हणाले की मशीनवर उभं राहायचं तर डोकं जागेवर लागतं. महिनाभराने त्याने मला खिशातून मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं उपकरण, काढून दाखवला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण पहिल्यांदाच तो अर्धा तास न थांबता बोलला.

अडचणी उरल्याच. सिगारेट सुटलेली नाही. कोनात तंबाखू असायचा, त्यामुळे निकोटिनची सवय गांजाच्या आडून आलेली, आणि प्रत्येक सिगारेट जुनी आठवण काढते. ती पुढची पायरी म्हणून लिहून ठेवली आहे. जुन्या मित्रांतला एक अजून फोन करतो. होळीच्या आधी मुलाने मला विचारलं, "भांग तर कायद्यात नाही ना? ती चालेल?" एनडीपीएसच्या गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवायची नुसती पानं येत नाहीत हे त्याने इंटरनेटवर वाचलं होतं, आणि ते खरं आहे, राज्यांचे नियम वेगळे. कायदा वेगळा आणि मेंदू वेगळा, टीएचसी पानांतही असतो, एवढंच मी म्हटलं. त्याने धुळवड वर्कशॉपच्या लोकांबरोबर काढली.

आज नऊ महिने होत आले. त्या रविवारनंतर आणखी एकदा घसरला, निकालाच्या दिवशी, आणि या वेळी आधी ताईला फोन केला, मग ओढली. आमच्या नोंदवहीत हा क्रम अधोरेखित आहे. राहिलेल्या विषयांपैकी दोन सोडून सगळे निघाले. 'बरा झाला म्हणायचं का?' असं वडील दर वेळी विचारतात. गांजाची तीव्र इच्छा वगळता बाकी निकष तीन महिने दिसले नाहीत की सुरुवातीची सुधारणा म्हणतात, बारा महिन्यांनी टिकलेली. तो या दोन्हींच्या मध्ये आहे.

आता प्रश्न नऱ्ह्याचा आहे. कॉलेज पुन्हा पूर्णवेळ सुरू होतंय, चिंचवडहून जाण्या-येण्यात दिवसाचे तीन-चार तास जातात, म्हणून त्याला कॉलेजजवळ खोली हवी आहे, जुन्या मुलांबरोबर नाही, वेगळी. वडील भाडं द्यायला तयार आहेत, पण मधूनमधून अचानक तपासणी व्हावी म्हणतात. मुलगा म्हणतो लॅबची चालेल, किट घेऊन कुणी दारात यायचं नाही. ताईचं म्हणणं तिसरंच: खोली नको, गाडी पूर्ण आठवडा द्या, संध्याकाळी भोसरीला जाणं तुटलं तर बाकीचं तुटायला वेळ लागणार नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिघं एकत्र येणार आहेत. दाजींनाही या वेळी बोलावलं आहे.